घरी बांधलेल्या वॉरबर्डना मैदान बंद करू नका : क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मैदानाच्या फाटकाजवळच्या फलकावर गेल्या आठवड्यात लागलेली सूचना मी दोनदा वाचली. यापुढे आपल्या मैदानावर केवळ कारखान्यातून तयार आलेली आणि कोणताही बदल न केलेली वॉरबर्ड मॉडेल्स, म्हणजे जुन्या लढाऊ विमानांच्या रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृती, उडवता येतील, घरी बांधलेल्या किंवा फेरफार केलेल्या मॉडेलांना परवानगी मिळणार नाही, असे त्या सूचनेत म्हटले आहे. तिच्या शेवटच्या ओळीत बांधणीची खोली महिनाअखेर रिकामी करून तिथे क्लबचे सामान ठेवले जाईल असेही लिहिले आहे. दोन्ही निर्णयांचे कारण म्हणून ‘सुरक्षितता’ एवढा एकच शब्द दिला आहे. हे निर्णय मला मान्य नाहीत. निर्णय होण्यापूर्वी कोणाही सदस्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी सर्वांसमोर लिहीत आहे. असाच नियम करण्याचा विचार इतर क्लबांतही होऊ शकतो. तेव्हा त्यांच्या सदस्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

या विषयात माझा जीव का गुंतला आहे, ते आधी सांगतो. मी गेली २६ वर्षे रेडिओवर चालणारी विमाने बांधतो आणि उडवतो. सुरुवातीची काही वर्षे ग्लायडर आणि उंच पंखांच्या शिकाऊ विमानांत गेली आणि त्यानंतर दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचा जो नाद लागला तो सुटलेला नाही. सध्या माझ्या बाकावर एक पंचमांश मापाचे स्पिटफायर आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता, त्यामुळे माझ्या मॉडेलचा जवळजवळ सव्वादोन मीटर भरतो. तीन वर्षे मी त्याच्यावर काम करत आहे.

त्या तीन वर्षांत नेमके काय केले जाते याची कल्पना यावी म्हणून एकाच गोष्टीचा तपशील देतो. मूळ स्पिटफायरचा पंख मुळाशी अधिक दोन अंशांच्या कोनात बसवलेला होता आणि टोकाकडे जाताना हा कोन कमी कमी होत उणे अर्ध्या अंशावर पोचत असे. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पंखाला अडीच अंशांचा पीळ होता. या पिळामुळे वेग फार कमी झाला तरी पंखाचा मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, टोकाकडचा भाग अजून हवा धरून असतो, आणि विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखाचे हलते भाग, म्हणजे एलेरॉन, टोकाकडे असल्यामुळे वैमानिकाच्या हातात विमान राहते. माझ्या मॉडेलच्या पंखातील शेवटच्या रिबची, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळीची, लांबी १५ सेंटिमीटर आहे आणि तेवढ्या लांबीवर अडीच अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटर. बांधणीच्या फळीवर पंख जुळवताना त्या रिबच्या मागच्या टोकाखाली साडेसहा मिलिमीटर जाडीची, बाल्सा या हलक्या लाकडाची पट्टी ठेवली आणि तिच्या आतल्या प्रत्येक रिबखाली त्याच हिशेबाने कमी कमी जाडीच्या पट्ट्या तासून बसवल्या. वरचा पत्रा, म्हणजे दीड मिलिमीटरचा बाल्सा, चिकटवण्याआधी दोन्ही पंखांचा पीळ चार वेळा मोजला, कारण एकदा तो पत्रा बसला की पंखाचा आकार कायमचा पक्का होतो. एका पंखात अडीच अंश आणि दुसऱ्यात दोन अंश पीळ राहिला, तर उतरण्याच्या वेळी ते विमान एकाच बाजूला पंख टाकेल, हे मला ठाऊक आहे. सूचनेतील ‘घरी बांधलेली’ या दोन शब्दांनी आपण हे सगळे काम धोक्याच्या खात्यात जमा केले आहे.

आता ज्या अपघातामुळे हा नियम आला त्याविषयी. मागच्या हंगामात एका सदस्याने स्वतः बांधलेले मस्टँग उड्डाणानंतर काही मिनिटांतच नाक खाली घालून कुंपणापलीकडे पडले. सुदैवाने तिकडे कोणी नव्हते आणि कोणालाही इजा झाली नाही. घटना गंभीर होती याबद्दल माझे दुमत नाही. कुंपणापलीकडे पडलेले प्रत्येक विमान ही गंभीर घटनाच असते. अवशेष गोळा करायला जे चौघे गेले त्यांत मी होतो. रिसीव्हरची बॅटरी भरलेली होती. इलेव्हेटर, म्हणजे विमान वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग, हलवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. तो ट्रान्समीटरची काडी हलवताच प्रतिसाद देत होता. सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारी सळई वाकली होती, पण तुटलेली नव्हती. तिच्या शेपटीकडच्या टोकाची क्लेविस, म्हणजे जोडणारी चिमट्यासारखी कडी, मात्र उघडलेली होती आणि इलेव्हेटरवरच्या हॉर्नमधून, म्हणजे ती अडकते त्या छोट्या तुकड्यातून, निसटली होती. क्लेविस उघडू नये म्हणून तिच्यावर सिलिकॉन नळीचे एक बारीक कडे सरकवतात. ते तिथे नव्हते आणि सळईवर मागे सरकलेलेही नव्हते. ते त्या दिवशी लावलेच नव्हते असे मालकाने तिथेच, सर्वांसमोर, कबूल केले. त्या माणसाचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. आपल्यापैकी एक सदस्य तेव्हा हजर होते आणि त्यांनी ती क्लेविस हातात घेऊन पाहिली होती.

माझा पहिला आक्षेप हाच आहे. अपघाताचे कारण समोर असताना त्याची नोंद कोठेही झाली नाही आणि जे कारण नव्हते त्यावर बंदी आली. क्लेविस कारखान्यातून आलेल्या मॉडेललाही असते आणि तिथेही ती बहुधा मालकच जोडतो. नियम आजच्या रूपात लागू झाला तरी ते कडे विसरण्याची शक्यता तसूभर कमी होत नाही.

दुसरा आक्षेप ‘कोणताही बदल न केलेली’ या शब्दांवर आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांपूर्वी मी फोमचे एक तयार वॉरबर्ड घेतले होते. पहिल्या उड्डाणाआधी माझ्या सवयीप्रमाणे मी प्रत्येक हलता पृष्ठभाग चिमटीत धरून ओढून पाहिला. इलेव्हेटरचा हॉर्न, म्हणजे ज्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर विमानाचे वर-खाली होणे अवलंबून असते तो, माझ्या बोटांत सुटून आला. त्याच्या तळाला गोंद होता, पण तो फोमला न धरता वरच्या रंगाच्या थराला चिकटलेला होता. मी रंग खरवडला, फोमला बारीक छिद्रे पाडली, प्लायवूडची पातळ चकती मागून बसवली आणि इपॉक्सीने हॉर्न पक्का केला. ते विमान त्यानंतर चार वर्षे उडाले. आपल्या नव्या नियमाचा अर्थ लावायचा झाला, तर ही दुरुस्ती हा फेरफार ठरतो आणि माझे विमान बाद होते. तो हॉर्न तसाच ठेवला असता तर मात्र ते नियमात बसले असते. आपला हेतू असा नसणार याची मला खात्री आहे, पण लिहिलेला नियम हेच सांगतो. हलका सर्व्हो काढून धातूच्या गिअरचा बसवणे, रिसीव्हरसाठी वेगळी बॅटरी ठेवणे, लपकणाऱ्या पातळ सळईऐवजी कार्बनची सळई घालणे, मऊ पडलेला लँडिंग गिअरचा पाया प्लायवूडने भक्कम करणे, हे सगळे फेरफारच आहेत. अनुभवी माणूस नवीन तयार मॉडेल घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी हीच कामे हाती घेतो.

शिवाय ज्या विमानांच्या प्रतिकृती आपण उडवतो, त्यांचा स्वतःचा इतिहासच फेरफारांचा आहे. पी-५१ मस्टँग ऑक्टोबर १९४० मध्ये प्रथम उडाले तेव्हा त्याला ॲलिसन इंजिन होते. नंतर मर्लिन इंजिन बसल्यावर ते उंचावरचे आणि लांब पल्ल्याचे विमान झाले. पुढे डी प्रकारात वैमानिकाला चहूकडे दिसावे म्हणून बुडबुड्यासारखी कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, आली, त्यासाठी पाठीमागचा उंचवटा कापावा लागला, दिशेची स्थिरता घटली, आणि मग उभ्या शेपटीच्या पुढे तो ओळखीचा त्रिकोणी पंख जोडण्यात आला. एफ-४यू कॉर्सेअर कमी वेगात डावा पंख टाकत असे, तेव्हा त्याच्या उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर एक छोटी पट्टी लावली गेली, म्हणजे दोन्ही पंख एकाच वेळी स्टॉल होऊ लागले. हीच पट्टी आपल्यापैकी कित्येकांनी आपल्या मॉडेलांना त्रिकोणी बाल्साची लावली आहे आणि तिचा गुण उतरताना डोळ्यांनी पाहिला आहे. तीही आता निषिद्ध.

तिसरा आक्षेप. वॉरबर्ड अवघड असते, हे खरे आहे. पण ते कशामुळे अवघड असते याचा विचार सूचनेत दिसत नाही, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

या विमानांचे पंख टोकाकडे निमुळते होतात. मॉडेल लहान केले की टोकाजवळची पंखाची रुंदी इतकी कमी होते की तिथली हवा पृष्ठभागाला चिकटून राहणे कठीण जाते आणि ते टोक पूर्ण आकाराच्या विमानापेक्षा लवकर स्टॉल होते. त्यात वजन जास्त असले तर प्रकरण आणखी बिघडते. म्हणून जाणकार बांधणारा दोन गोष्टींमागे लागतो. एक म्हणजे पंखाचा पीळ आणि दुसरी म्हणजे हलकेपणा, विशेषतः शेपटीचा हलकेपणा. बहुतेक लढाऊ विमानांचे नाक आखूड आणि शेपटी लांब असल्यामुळे शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला तोलायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. इलेव्हेटरच्या रिबांना भोके पाडून चार ग्रॅम वाचवण्यात एक संध्याकाळ घालवणारा माणूस हौशी वेडा वाटेल, पण त्या चार ग्रॅमांमुळे नाकातले दहा ग्रॅम शिसे टळते आणि उतरण्याचा वेग तेवढा कमी राहतो. रंगाचेही तसेच. मी माझ्या स्पिटफायरच्या शेपटीवर रंगाचा एक हात कमी दिला आहे आणि रिव्हेट दाखवण्यासाठी पातळ पांढऱ्या गोंदाचे ठिपके पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावरच टाकले आहेत.

त्यानंतर उड्डाणाचा क्षण. मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर पूर्ण शक्तीला विमानाला डावीकडे ओढतो आणि शेपटी जमिनीवर असेपर्यंत हा ओढा जास्त जाणवतो. मूळ विमानांतही हीच अडचण होती. मर्लिन इंजिनाची सवय झालेल्या वैमानिकांना ग्रिफन इंजिनाचे स्पिटफायर मिळाले तेव्हा प्रोपेलर उलट फिरत असल्यामुळे विमान उजवीकडे जाऊ लागले आणि पायांची सवय बदलावी लागली. मॉडेल उडवणाऱ्याने थ्रॉटल हळूहळू द्यायचा, इलेव्हेटर थोडा वर धरून शेपटी दाबून ठेवायची, वेग आल्यावर ती सोडायची आणि उजव्या रडरने, म्हणजे शेपटीचे सुकाणू उजवीकडे देऊन, धावपट्टीची रेघ सांभाळायची असते. ज्याने थ्रॉटल एका झटक्यात पूर्ण दिला त्याचे विमान प्रेक्षकांच्या बाजूला वळू शकते, मग ते कोठेही बनलेले असो. स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ यांची चाके जवळजवळ असतात, कारण त्यांचे पाय खोडाजवळ जोडलेले असून बाहेरच्या बाजूला दुमडतात. हरिकेनचे पाय पंखात दूरवर जोडलेले असून आतल्या बाजूला दुमडतात, म्हणून ते जमिनीवर कितीतरी शांत असते. पहिले वॉरबर्ड कोणते घ्यावे असे कोणी विचारले तर मी म्हणूनच हरिकेन सांगतो. तेव्हा विमानाचा प्रकार, वजन, गुरुत्वमध्य, पिळाचा कोन आणि उडवणाऱ्याचा हात या पाच गोष्टी पाहायला हव्यात. ते कोठे बांधले गेले, ही त्यांतली एकही गोष्ट नाही.

चौथा आक्षेप उडवणाऱ्याविषयी आहे. नव्या नियमात यंत्राबद्दल सारे काही आहे आणि माणसाबद्दल एक अक्षरही नाही. माझे पहिले वॉरबर्ड दीड मीटर विस्ताराचे तयार मस्टँग होते. त्यात मी काहीही बदललेले नव्हते आणि गुरुत्वमध्य पुस्तिकेत सांगितल्या जागी होता. सातव्या उड्डाणात उतरण्यासाठी शेवटचे वळण घेताना मला वाटले की मी धावपट्टीच्या रेषेच्या पुढे जातो आहे, म्हणून मी वळण आवळले, वेग आधीच कमी होता, आणि आतला पंख अचानक खाली गेला. विमान एक गिरकी घेऊन धावपट्टीच्या अलीकडे ४० पावलांवर आदळले. त्या विमानात कसलाही दोष नव्हता. दोष माझ्या हातात होता, आणि त्या दिवसापर्यंत कोणी मला उंचावर नेऊन तेच विमान मुद्दाम स्टॉल करून दाखवायला सांगितले नव्हते. तसे कोणी सांगितले असते तर ते मस्टँग वाचले असते. आपल्या नियमानुसार आजही एखादा नवखा सदस्य तसेच मस्टँग विकत आणून, कोणालाही न विचारता, पहिल्या दिवशी उडवू शकतो.

पाचवा मुद्दा थोडक्यात. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, ज्या एफ४सी गटात रेडिओवर चालणाऱ्या स्केल (मूळ विमानाच्या प्रमाणातील) मॉडेलांची जागतिक स्पर्धा घेतो, त्या गटात स्पर्धकाने मॉडेल स्वतः बांधलेले असावे लागते. या छंदातील सर्वोच्च स्पर्धेची जी अट आहे, तीच आपल्याकडे बंदीचे कारण ठरते. ब्रिटनमध्ये २५ किलोपेक्षा जड मॉडेल्ससुद्धा घरी बांधली जातात. तिथे बांधणी चालू असतानाच तपासनीस येऊन स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी मुख्य तुळई, आणि सांधे पाहतात, आणि त्यानंतर ठरवून दिलेली चाचणी-उड्डाणे पूर्ण झाल्यावरच परवानगी मिळते. इतक्या जड विमानांच्या बाबतीत जे साधता येते ते आपल्या सात-आठ किलोच्या विमानांबाबत का साधू नये, याचे उत्तर मला सूचनेत सापडले नाही.

आणि बांधणीची खोली. तिच्याबद्दल लिहिताना मला शांत राहणे जड जाते. त्या खोलीत गेल्या दोन वर्षांत सहा मुले शिकली. त्यांतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने हरिकेनच्या पंखाच्या रिबा केल्या. मुळाचा एक आणि टोकाचा एक असे दोन प्लायवूडचे साचे घ्यायचे, मध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे रचायचे, दोन बोल्टांनी ती चळत आवळायची आणि साच्यांच्या कडांना सँडपेपर टेकेपर्यंत घासत राहायचे. पहिल्या दिवशी तिने इतका जोर लावून घासले की तीन रिबा बसक्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच सँडपेपर लांब लाकडी पट्टीला चिकटवून घेऊन आली, कारण हाताने घासल्यावर खड्डे पडतात हे तिचे तिला कळले होते. त्या पंखाचा डावा भाग अजून त्या खोलीत, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आहे. विमान का उडते आणि का पडते हे ज्याने पंख आतून पाहिला आहे त्याला जसे कळते, तसे ते डब्यातून तयार काढणाऱ्याला कळायला फार वेळ लागतो. ती खोली बंद केल्याने सुरक्षितता वाढेल असे मानणे मला शक्य नाही.

आपल्यावर जबाबदारी आहे, याची मला जाणीव आहे. अपघात झाला तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात, मैदान हातचे गेले तर सगळ्यांचेच जाते, आणि हे काम तुम्ही कोणताही मोबदला न घेता करता. तुमची काळजी खरी आहे. मला फक्त तिच्यावरचा उपाय चुकलेला दिसतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

ही बंदी तूर्त स्थगित करावी आणि सर्व सदस्यांची बैठक बोलावून, तिथे चर्चा झाल्यानंतरच नवा नियम करावा. मागच्या हंगामातील अपघाताचे कारण, मालकाचे नाव न देता, एका पानावर लिहून फलकावर लावावे, म्हणजे ते कडे विसरण्याची चूक पुन्हा कोणी करणार नाही.

बंदीऐवजी तपासणी आणावी आणि ती घरी बांधलेल्या व विकत आणलेल्या दोन्ही प्रकारच्या वॉरबर्डना सारखीच लागू करावी. विमानाचा मालक सोडून दोन अनुभवी सदस्यांनी ती करावी. प्रत्येक हलता पृष्ठभाग आणि त्याचा हॉर्न हाताने ओढून पाहावा, प्रत्येक क्लेविसवर कडे आहे याची खात्री करावी, बिजागऱ्यांत आणि सळयांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, नाही हे पाहावे, कारण जास्त वेगात त्याच खेळातून पृष्ठभाग फडफडू लागतो आणि निखळतो. रिसीव्हरच्या बॅटरीचे व्होल्टेज सगळे सर्व्हो एकदम हलवताना मोजावे. ट्रान्समीटर बंद केल्यावर इंजिन मंदावते किंवा मोटर थांबते, हे विमान घट्ट धरून प्रत्यक्ष पाहावे. कमी शक्तीवर ठेवलेल्या ट्रान्समीटरने पल्ल्याची चाचणी इंजिन चालू असताना घ्यावी. आत घेता येणारी चाके असतील तर ती दहा वेळा वर-खाली करून पाहावीत. गुरुत्वमध्य प्रत्यक्ष तोलून त्याचा आकडा आणि वजन एका कार्डावर लिहावे आणि ते कार्ड विमानासोबत राहावे. मोठी दुरुस्ती किंवा महत्त्वाचा बदल झाला की तपासणी पुन्हा व्हावी. सरावलेल्या दोन माणसांना या सगळ्याला अर्धा तास पुरतो.

जो सदस्य पहिल्यांदा वॉरबर्ड उडवणार असेल त्याने अनुभवी सदस्य शेजारी उभा असताना काही उड्डाणे करावीत. पुरेशा उंचीवर चाके आणि फ्लॅप (उतरताना खाली येणारे पंखाचे भाग) खाली घेऊन विमान मुद्दाम स्टॉल करून त्यातून सावरून दाखवावे, आणि शेवटचे वळण वेग राखून, मोठे घेता येते हे दाखवावे, मगच त्याला एकट्याने उडवू द्यावे. ही अट मलाही लावावी. प्रत्येक नव्या विमानाचा स्वभाव वेगळा असतो.

पहिल्या उड्डाणासाठी वेगळी वेळ ठेवावी, जेव्हा मैदानावर गर्दी नसेल आणि फाटकाजवळ कोणी उभे नसेल.

बांधणीची खोली चालू ठेवावी. सामानाला जागा कमी पडत असेल तर मागच्या भिंतीला मांडणी करून देण्याचे काम मी आणि आणखी चार सदस्य स्वतःच्या खर्चाने करू. आम्ही तसे आपापसांत ठरवले आहे.

तपासणीच्या कार्डाचा मसुदा मी तयार केला असून या पत्राची प्रत देताना तो सचिवांकडे स्वतंत्रपणे दिला आहे. त्यात काही राहिले असेल किंवा जास्त झाले असेल तर बैठकीत दुरुस्त करता येईल. पहिली तपासणी माझ्या स्पिटफायरची करावी, अशी माझी विनंती आहे. त्याच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूचा पत्रा मी अजून लावलेला नाही. स्पार, रिबा आणि चाकांचा पाया उघडे दिसतात, आणि आपण पाहून जाईपर्यंत मी ते तसेच उघडे ठेवणार आहे. पिळाचा कोन मोजण्याचे साधन माझ्याकडे आहे, पण आपण आपले आणलेत तर अधिक बरे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
क्लबचा एक जुना सदस्य